उभ्या सायकलवरून गुरसराय

दुकानात कुणी सायकलला मीटर लावून घ्यायला आलं, की मी आधी विचारते, "वेग कशाला हवाय बाबा तुला?" अर्थात हिंदीत विचारते, कारण मानिक चौकातल्या माझ्या दुकानात मराठी गिऱ्हाईक म्हणजे अधिक महिना, उगवला तर उगवला. लोक चिडतात. वस्तू घेतोय तर ही बाई चौकशा का करते, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. तरी मी विचारते. न विचारता लावलेली मीटरं महिनाभरात परत आलेली मी पाहिली आहेत.

एक दूधवाला म्हणाला होता, "बाईसाहब, घरवाली कहती है मैं रास्ते में गप्पें मारता हूँ. मीटर दिखाऊँगा उसको." मी लावून दिलं. आठ दिवसांत स्वारी परत. "निकाल दो बाईसाहब, ये तो उसी की तरफ़ बोलता है." एक कॉलेजकुमार आला होता, त्याला मीटर जरा जास्त वेग दाखवणारं हवं होतं, मैत्रिणीवर छाप पाडायला. मी त्याला म्हटलं, तेज दिसायचं असेल तर तेज चालव, आणि दुकानाबाहेर काढला. माझ्या हातून खोटा वेग बाहेर जायचा नाही, हा माझा जुना तोरा. लोक हसतात, पण ज्याला त्याला काहीतरी तोरा असावा लागतो.

झाशीत मराठी बाई म्हटली की लोकांना एकच बाई आठवते, आणि तिच्या हातात तलवार असते. माझ्या हातात पाना. म्हणून गल्लीतले लोक मला थट्टेने 'बाईसाहब' म्हणू लागले, आणि थट्टा मुरली की तिचं नाव होतं. माझ्या वडिलांनी रेल्वेतली कारकुनी सोडून सायकलचं दुकान काढलं, तेव्हा इथल्या मराठी घरांनी जवळजवळ सुतक पाळलं होतं. मराठी माणूस एक तर कचेरीत, नाही तर देवळात. पंक्चर काढताना त्याला कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्यात मला भाऊ नाही. वडील थकले तेव्हा दुकान बंद होणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी पदर खोचला आणि दुकानात जाऊन बसले. पुढे पदर छर्‍यांच्या वंगणाने इतका काळा व्हायला लागला की पंजाबी ड्रेस घालायला लागले, आणि मग समाजाने दुसरं सुतक पाळलं.

आता ज्यांचा या मीटराशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. मीटरला वेग कळत नाही. चाक किती वेळा फिरलं, एवढंच त्याला समजतं. एका फेरीत चाक किती पुढे जातं, ते आपण त्याला सांगायचं. गुणाकार ते करतं. आपण चुकीचं सांगितलं तर ते इमानेइतबारे चुकीचं दाखवतं. म्हणून मी कंपनीच्या कागदावरचा आकडा घेत नाही. टायरवर हवेच्या व्हॉलपाशी खडूची रेघ मारायची, ती जमिनीला टेकवून खाली दुसरी रेघ मारायची, ज्याची सायकल त्यालाच वर बसवायचं, म्हणजे त्याच्या वजनाने टायर दबायचा तेवढा दबतो, आणि एक फेरी पुरी होईपर्यंत सायकल सरळ ढकलायची. मग जमिनीवरचं अंतर शिंप्याच्या टेपने मोजायचं. अंगापिंडाने भरलेल्या माणसाचं चाक काडीपैलवानाच्या चाकापेक्षा किंचित लहान भरतं. हे सांगितलं की जाडी माणसं रागावतात, पण चाकाला कुणाची भीड नसते.

या फेऱ्या मोजणाऱ्या वस्तूला सेन्सर म्हणतात. वडिलांच्या वेळी सेन्सर हा शब्द नव्हता. पुढच्या चाकाच्या आसापाशी एक दातेरी चकती असायची, तिथून हँडलपर्यंत केबल, आणि वर घड्याळासारखा काटा. पावसाळ्यात केबल गंजली की काटा माकडासारखा उड्या मारायचा. पुढे लोहचुंबक आलं. ते चाकाच्या एका आर्‍यावर बसवायचं आणि त्याच्या समोर पुढच्या चिमट्यावर सेन्सर. दोघांमधली फट जाड पुठ्ठ्याएवढी हवी. जास्त झाली तर मीटर मुकं, कमी झाली तर प्रत्येक फेरीला टक्कर. ती फट जमवणं ही माझी हातोटी होती. छावणीतले फौजी अधिकारी बारीक टायरच्या, वाकड्या हँडलच्या शर्यतीच्या सायकली घेऊन खास माझ्याकडे यायचे. आणि आता आली आहे एक गोल टिकली. तिला चुंबक नको, तार नको. चाकाच्या मधल्या तुंब्याला रबरी पट्टीने बांधायची, चाक फिरलं की ती जागी होते आणि बिनतारी निरोप वर पाठवते. पाना लागत नाही, पेचकस लागत नाही. मुलं घरच्या घरी लावतात. माझी उभ्या जन्माची हातोटी एका रबराने गिळली, याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू?

पण हीच टिकली मी एकदा एका माणसासाठी लावली, आणि ती गोष्ट सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

केशवकाका प्रेम नगरात राहायचे. जन्मभर रेल्वेचे ड्रायव्हर. कोळशाच्या इंजिनावर सुरुवात, विजेच्या इंजिनावर शेवट. निवृत्त झाल्यावर पंधरवड्याने दुकानात आले. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तर म्हणाले, "शकू, इंजिनावरून उतरलो आणि मला माझा वेगच कळेनासा झाला. सकाळी उठतो, दात घासतो, पण कितीच्या स्पीडने घासतो तेच समजत नाही." त्यांच्या काळ्या सायकलला मी मीटर लावून दिलं. तेव्हापासून रोज सकाळी काका प्रेम नगरहून निघायचे, दुकानासमोर उतरायचे, मीटरकडे बघून "राइट टाइम" म्हणायचे आणि लाकडी खुर्चीत बसून चहा प्यायचे. ती खुर्ची अजून दुकानात आहे. गेल्या माघापासून मी तिच्यावर जुने टायर ठेवते, म्हणजे कुणी चुकूनसुद्धा बसायला नको. फार आठवण येते त्यांची. सकाळची तर जास्तच.

चहा पिता पिता काका नेहमी म्हणायचे, "एकदा गुरसराय मारून येतो सायकलवर." ते त्यांचं गाव. बडागाव, चिरगाव, मग उजव्या हाताला वळून बेतवा ओलांडायची आणि पुढे जायचं. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्या हाकल्या, त्याच्या गावाला रूळच नाहीत. गावात त्यांची थोरली बहीण होती, अंबूताई. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत शिकवायची. आई गेल्यावर काकांना तिनेच वाढवलं. काका सायकलवर ट्रंक बांधून झाशीला नोकरीला निघाले, तेव्हा ती ओट्यावर उभी राहून म्हणाली होती, "भाऊबीजेला याच सायकलवरून ये. पाट मांडून ठेवते."

आणि भाऊबीजेला काका कधीच गेले नाहीत. दिवाळीत गाड्यांना गर्दी, जादा गाड्या, रजा बंद. लोकांच्या भावांना लोकांच्या बहिणींकडे पोचवण्यात काकांची सगळी भाऊबीज जायची. एरवी बसने जाऊन यायचे, पण बीज ती बीज. अंबूताई पाट मांडायची, वाट बघायची आणि दिवेलागणीला बाहेर येऊन चंद्राला ओवाळायची. ज्या बहिणीला भाऊ नाही, तिने चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. भाऊ असून चंद्राला ओवाळणारी ती एकटीच असेल. काका निवृत्त होण्याच्या आधीच्या हिवाळ्यात ती गेली. पहिल्या रिकाम्या दिवाळीत काकांना रजाच रजा होती, आणि जायला घर नव्हतं. भावकीने ते विकून टाकलं होतं.

"मग आता कशाला जायचं?" मी एकदा विचारलं.

"म्हणून तर नुसतं म्हणतो," काका म्हणाले, आणि बशीत चहा ओतत राहिले.

मग एका पावसाळ्यात छातीत कळ येऊन ते रस्त्यातच सायकलवरून पडले. डॉक्टरांनी रस्ता बंद केला. मुलाने, वसंताने, सायकल माळ्यावर चढवली. हा वसंता बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने भित्रा, पण बापावर जीव टाकणारा. काका खिडकीशी बसून राहायला लागले. मी भेटायला जायची, तर विचारायचे, "दुकान बरं चाललंय ना?" आणि उत्तर ऐकायचे नाहीत.

गणपतीत वसंताची मुलगी मुक्ता आली. ही बंगळूरला नोकरी करते आणि पोहणं, सायकल, पळणं अशा तिहेरी शर्यतीत उतरते. पोरगी काटक. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र गाडी हिंदीच्या रुळावर जाते. तिने येताना आपली शर्यतीची सायकल आणली आणि तिच्याबरोबर एक लोखंडी चौकट. चौकटीत सायकलचं मागचं चाक अडकवायचं, टायरला एक लाटणं टेकतं. पायडल मारलं की मागचं चाक त्या लाटण्यावर फिरतं आणि सायकल तसूभर हलत नाही. घरात बसून सराव करायची सोय. डॉक्टरांनी हलके हलके पाय मारायला परवानगी दिली. मुक्ताने मला फोन केला. "मावशी, आजोबांसाठी सेन्सर मागवला आहे. तू येऊन लगवून दे ना. माझ्याकडून पण होईल, पण आजोबा म्हणतात, शकूच्याच हातून पाहिजे."

मी गेले. बैठकीच्या खोलीत काकांची काळी सायकल माळ्यावरून उतरवून चौकटीत उभी केलेली, नवी हिरवी गादी घातलेली, काका धोतर सोडून पायजम्यात तयार. मी काकांना वर बसवलं, खडूची रेघ मारली, सायकल चौकटीतून काढून खोलीभर ढकलली, मोजलं, मीटरमध्ये आकडा भरला. टिकली तुंब्याला रबराने घट्ट बांधली. सायकल पुन्हा चौकटीत. "सोडा गाडी," मी म्हटलं.

काकांनी पाय मारायला सुरुवात केली. मीटर शून्य. मी बॅटरी काढून घातली. शून्य. मुक्ताने मोबाइलवर काहीतरी खटपट केली. शून्य. काकांच्या कपाळावर घाम आला, मी त्यांना थांबा म्हटलं, ते थांबेनात. एवढ्यात वसंताची बायको खिरापतीचं ताट घेऊन आली आणि क्षणभर बघून म्हणाली, "शकूताई, हे चाक तर फिरतच नाहीये."

मी टिकली पुढच्या चाकाला लावली होती! केबल पुढे, चुंबक पुढे, सगळा जन्म पुढचं चाक धरण्यात गेलेला. हात आपोआप तिकडेच गेले. आणि पुढचं चाक आपलं शांत, जमिनीवर उभं. सगळे हसत सुटले. काका तर इतके हसले की मला त्यांच्या छातीची काळजी वाटली. "शकू," ते म्हणाले, "गाडी अजून शेडमध्येच आहे की!" मी टिकली काढून मागच्या तुंब्याला बांधली. त्यांनी पाय मारले आणि आकडा उठला. आकड्याकडे बघत, ओठ मिटून, पाठ सरळ करून ते चालवत राहिले. इंजिनात ते कसे बसत असतील, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

उतरताना म्हणाले, "हा गुरसरायचा रस्ता समज. आजपासून रोज थोडा कापायचा."

मग दुकानात फोन यायला लागले. "शकू, बडागाव." "शकू, पारीछाच्या अलीकडे आहे, पाणी प्यायला थांबलोय." रोज थोडंच अंतर, डॉक्टरने सांगितलं तेवढंच, पण एकूण आकडा मीटरमध्ये साठत जायचा आणि त्यावरून काका गाव ओळखायचे. मी संध्याकाळी गेले की खिडकीतून प्रेम नगरातली समोरची गच्ची दिसत असे, आणि काका मला मोहाची झाडं दाखवत. इथे विहीर आहे, तिचं पाणी गोड. इथे रस्ता खराब, म्हणून हळू. गाव आलं की पाय खरंच मंदावायचे. "कॉशन आहे," म्हणायचे, "वस्तीतून भरधाव जायचं नाही." त्यांचा चेहरा सुधारत चालला होता. बंगळूरला मुक्ताला मोबाइलवर रोजचं अंतर दिसायचं आणि ती मला लिहायची, आज चिरगाव, आज वळण.

नवरात्रात काका आजारी पडले. इस्पितळात राहून आले, आणि आले ते अर्धे होऊन. पाय मारायचे, पण अगदी थोडे, मग दम लागायचा. खंडेनवमीला मी दुकानात पाट मांडून पाने, पेचकस, पंप, सगळी हत्यारं ओळीने लावली होती, हळदकुंकू वाहत होते, तेव्हा मुक्ताचा फोन आला. आवाज रडवेला.

"मावशी, डॉक्टर पापांना बोलले आहेत. आजोबांकडे जास्त दिवस... मावशी, तू मीटरमध्ये चाक मोठं करून दे ना. थोडंसंच. म्हणजे ते जल्दी पोचतील."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यार उचलत नाहीत. पण हे असं काम की त्याला हत्यारच लागत नाही. दोन बटणं दाबायची, आकडा वाढवायचा, झालं. माझ्या तोऱ्याची एवढी कठीण परीक्षा कुणी कधी घेतली नव्हती. कॉलेजकुमाराला हाकलणं सोपं होतं.

दसऱ्याला सोनं द्यायला गेले. काका पलंगावर डोळे मिटून पडलेले. मी सायकलपाशी गेले, मीटर हातात घेतलं, चाकाच्या आकड्यापर्यंत पोचले. अंगठा बटणावर ठेवला. वाटलं, कुणाचं काय जातं? म्हातारा माणूस आपल्या गावी पोचेल, हसेल. आणि वाटलं, मी याला गावाचं नाव सांगून भलतीकडेच उतरवते आहे. मीटर जागेवर ठेवलं. वळले, तर काका माझ्याकडे बघत होते.

"मुक्ता वसंताला फोनवर रडत हेच सांगत होती, मी ऐकलं," ते म्हणाले. "बदललास का आकडा?"

"नाही."

"बरं केलंस. मला कळलं असतं. वेग पायाला कळतो, शकू." मग हात पुढे करून म्हणाले, "सोनं दे."

आश्चर्य म्हणजे त्यानंतर काका सावरले. दिवाळीच्या आधी बेतवा ओलांडली. तो फोन आला तेव्हा मी दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे ते कुणाला कळलं नाही, पण पेढ्याला कारण लागत नाही. आणि मग फोन बंद झाले. एक दिवस, दोन दिवस. मी धावत गेले. काका ठणठणीत खुर्चीत बसलेले, सायकल शेजारी, मीटरवर गुरसराय अगदी हाताच्या अंतरावर.

"काय झालं? थांबलात का?"

"आउटरला उभा आहे," काका म्हणाले. स्टेशनाबाहेर सिग्नलची वाट बघत गाडी थांबते, त्या जागेला आउटर म्हणतात. "सिग्नल नाही."

"कोण देणार सिग्नल? पाय मारा, आत्ता पोचाल."

"नाही मारणार."

मला राग आला. मी फटकळ आहे, आणि आजारी माणसाशी गोड बोलायचं मला कधी जमलं नाही. मी म्हटलं, "इतके दिवस सगळ्यांना त्या रस्त्यावर नाचवलंत, पोरगी तिकडे बंगळूरला मोबाइल उशाशी घेऊन झोपते, आणि आता दारात येऊन रुसता? अंबूताई नाही, काका. सिग्नल द्यायला कुणीही येणार नाही."

काका शांतपणे म्हणाले, "तिने जन्मभर चंद्राला ओवाळलं. भावाच्या जागी दुसरंच काहीतरी. आता मी पण रस्त्याच्या जागी दुसरंच काहीतरी घेऊन तिच्या दारात जाऊ?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी खाली बसले. म्हटलं, "काका, मला भाऊ नाही. दर बीजेला मीही चंद्राला ओवाळते. मला विचारा. चंद्र काही वाईट नाही. पण तो पाटावर बसत नाही."

दारात वसंता उभा होता. तो कधी आला ते मला दिसलं नव्हतं. मला वाटलं, आता हा डॉक्टरांचं नाव काढणार. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "बीजेला मी गाडी काढतो."

मुक्ता दिवाळीला घरी आलीच होती. भाऊबीजेला दुपारी आम्ही निघालो. वसंता गाडी चालवत, शेजारी काका, मागे मी आणि मुक्ता, टपावर सायकल बांधलेली. बडागाव आलं, चिरगाव आलं, काका काचेतून बघत होते. मोहाची झाडं बरीच गेली होती. विहिरीच्या जागी ढाबा होता. बेतवेच्या पुलावर त्यांनी हात जोडले. वसंताने घरून निघताना गाडीच्या मीटरचा आकडा टिपला होता. काका जिथे थांबले होते तेवढं अंतर भरलं, तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली. "इथंच, आबा." समोर गुरसरायची घरं दिसत होती.

मी सायकल उतरवली, हवा बघितली, ब्रेक बघितले, टिकली तुंब्याला घट्ट आहे ना ते चाचपलं. मीटर चालू केलं. काका वर बसायचं म्हणतील अशी मला भीती होती. बसले नाहीत. दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि सायकल ढकलत चालायला लागले. मुक्ता दुसऱ्या अंगाने सीट धरून. मी मागे. वसंता गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून आमच्या पाठीमागे, कॉशन पाळत. काका मध्ये मध्ये थांबत होते, सायकलवर रेलून श्वास घेत होते, पुन्हा निघत होते. उन्हं उतरली. गल्ली आली. घराला नवा रंग होता, नवं लोखंडी फाटक होतं. ओटा तोच होता. काका म्हणाले म्हणून कळलं.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी वाती वळत होती. तिने आमच्या वरातीकडे बघितलं आणि कुठं जायचंय ते विचारलं. "किते जाने दद्दा?"

"अंबू जिज्जी के इते," काका म्हणाले, म्हणजे अंबूताईकडे. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून गावची बोली कशी सहज आली.

म्हातारीचे हात थांबले. "जिज्जी तो कब की चली गईं." मग ती उठून फाटकाशी आली, काकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघू लागली. "तुम का उनके रेल वारे भैया आओ?"

"हओ," काका म्हणाले.

तिने पदर तोंडाला लावला. मग मागे वळून घरातल्या सुनेला मोठ्याने हाक मारली, "काए बहू, टीका की थाली ल्याओ! जिज्जी के भैया आ गए!" अंबूताईच्या घराचं नवं फाटक आतून कुणीतरी उघडलं. कुणीतरी पाट आणला. पश्चिमेला बीजेची कोर निघाली होती, नखाएवढी.

तेवढ्यात मुक्ताचं लक्ष मीटरकडे गेलं आणि ती कळवळली. "मावशी, हे तर बंद आहे! पूर्ण टाइम झिरो! आजोबा चालले ते मोजलंच नाही!"

मी वाकले. टिकली जागेवर होती. माणूस इतक्या हळू चालला की चाकही इतकं हळू फिरतं की या टिकलीला ते फिरणं वाटतच नाही, ती झोपूनच राहते. हे मला ठाऊक होतं, आणि तरी लक्षात आलं नव्हतं. घरात सायकल जागची हलत नव्हती तेव्हा आकडा धावत होता. इथे माणूस खरोखर चालत आला, तर शून्य. काहीतरी करावं म्हणून मी चाक उचलून हाताने फिरवायला गेले, निदान तेवढं अंतर तरी भरून निघावं.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे शकू," ते म्हणाले. "गाडी फलाटाला लागते तेव्हा काटा शून्यावरच लागतो."

मग त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, चपला काढल्या, आणि ओट्यावर चढून पाटावर बसले.